काला अंब : शासकीय अहवालांची आंतरजालीय उपलब्धता आणि पानिपतची संहिता

पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर 'काला अंब' या नावाने ओळखले जाणारे एक स्मारकस्थळ आहे. विटांचा स्तंभ, त्याभोवती लोखंडी कुंपण आणि राखलेली बाग एवढेच त्याचे दृश्य रूप. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी याच ठिकाणाहून मराठी सैन्याचे संचालन केले, अशी स्थानिक परंपरा आहे. ज्या आंब्यावरून स्थळाला नाव पडले तो आंबा मात्र आज तेथे नाही. वृक्ष नाहीसा झाला, रणभूमीवर शेती आणि वस्ती पसरली, तालुक्याचा समावेश राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात झाला; उरले ते नाव आणि त्या नावाविषयीचा मजकूर. दर संक्रांतीला महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्यांपैकी अनेकांना हा मजकूर स्थळावर पोहोचण्यापूर्वीच भेटलेला असतो, आणि तो भेटतो पडद्यावर, जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर किंवा त्यावरून जसाच्या तसा उतरवून घेतलेल्या असंख्य पर्यटनविषयक पृष्ठांवर. शासकीय यंत्रणांचे अहवाल आंतरजालावर सर्वांना खुले होणे ही घटना सामान्यतः प्रशासनाच्या पारदर्शकतेच्या संदर्भात चर्चिली जाते. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने तिची दुसरी एक बाजू आहे. एखाद्या घटनेविषयीच्या अनेकभाषक संहितांपैकी कोणती संहिता सर्वांत आधी हाती येते, कोणती शोधूनही सापडत नाही आणि या सापडण्या-न-सापडण्यातून घटनेची कोणती कथा 'मूळ' ठरू लागते, हा तो प्रश्न होय. काला अंब हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

प्रथम तो शासकीय परिच्छेदच पाहणे इष्ट. तो जेमतेम चार-पाच वाक्यांचा आहे. भाऊ जेथून सैन्य हाताळीत होते ती जागा एका काळ्या आंब्याने दर्शविलेली होती, हा वृक्ष पुढे नाहीसा झाला, त्याच्या पर्णसंभाराच्या गडद रंगावरून बहुधा हे नाव पडले असावे, सध्या तेथे विटांचा स्तंभ व लोखंडी कुंपण आहे आणि राज्यपालांच्या अध्यक्षतेखालील एक संस्था स्थळाचा विकास व सुशोभीकरण करीत आहे, असा त्याचा आशय. या मजकुराची वाक्यरचना उघडच जिल्हा गॅझेटियरची, म्हणजे मराठीत ज्याला दर्शनिका म्हणतात त्या ग्रंथप्रकाराची आहे. गावापासूनचे अंतर, परंपरेचा एका ओळीतला उल्लेख, 'बहुधा' या शब्दाने घेतलेली सावध माघार आणि शेवटी शासन करीत असलेल्या कामाची नोंद हा दर्शनिकेचा ठरलेला क्रम आहे.

या चार-पाच वाक्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे लोककथेला दिलेला नकार. पानिपत परिसरात आणि महाराष्ट्रातही सर्वाधिक प्रचलित असलेली कथा निराळी आहे: रणांगणावर सांडलेल्या रक्ताने आंबा काळवंडला. शासकीय परिच्छेद या कथेचा उल्लेखही करीत नाही. तो रक्ताऐवजी पानांचा रंग पुढे करतो आणि पुढे जातो. खंडनही न करता एखादी कथा वगळणे ही अहवालाची खास रीत आहे, आणि जो वाचक ती कथा आधीपासून जाणतो त्यालाच ही वगळणी जाणवते. दुसरी गोष्ट व्याकरणाची. 'विकास करीत आहे' या क्रियापदाचा काळ वर्तमान आहे. छापील दर्शनिकेच्या मुखपृष्ठावर प्रकाशनवर्ष असते, त्यामुळे तेथील वर्तमानकाळ कोणत्या वर्षाचा हे वाचकाला कळते. तेच वाक्य संकेतस्थळावर आले की वर्ष गळून पडते आणि वर्तमानकाळ अमर होतो. काला अंब येथील 'चालू असलेले' काम अशा रीतीने वर्षानुवर्षे चालूच राहिलेले आहे.

अशा वाक्यांची वंशावळ शोधू गेल्यास अभ्यासक एका अहवालमालिकेत शिरतो. तिचा आरंभ मानता येईल असा ग्रंथ म्हणजे डेन्झिल इबेट्सन यांचा पानिपत तहसील व कर्नाल परगणा यांच्या फेरजमाबंदीचा अहवाल. १८७२ ते १८८० या काळातील कामावर आधारलेला हा अहवाल १८८३ साली अलाहाबादच्या पायोनियर मुद्रणालयात छापला गेला. इबेट्सन यांनीच पुढे १८८१च्या पंजाब जनगणनेचा अहवाल सिद्ध केला आणि त्यातील जातिविषयक प्रकरण १९१६ साली स्वतंत्र ग्रंथरूपाने निघाले. कर्नाल जिल्ह्याच्या १८८३-८४च्या गॅझेटियरने इबेट्सन यांच्या अहवालातील मजकूर मोठ्या प्रमाणावर उचलला, १९१८च्या आवृत्तीने तो पुढे नेला आणि हरियाणा राज्य निर्माण झाल्यावर १९७६ साली कर्नालची नवी दर्शनिका प्रसिद्ध झाली. हरियाणाच्या महसूल विभागाने जुन्या-नव्या दर्शनिका आपल्या संकेतस्थळावर ठेवल्या. इबेट्सन यांचा अहवालही इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतो. एके काळी लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात किंवा चंदीगडच्या अभिलेखागारात बसून पाहावा लागणारा हा सारा ऐवज आता कोल्हापूर वा नांदेडच्या महाविद्यालयातील प्राध्यापकालाही घरी उपलब्ध आहे. या उपलब्धतेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मराठीतील पानिपतविषयक लेखनाला उत्तर हिंदुस्थानातील गावांचे म्हणणे इतक्या सहजी पूर्वी कधीही ऐकता आले नव्हते.

जमाबंदीचा अहवाल हा वाङ्मयप्रकार म्हणून काय असतो हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याचा उद्देश शेतसारा ठरविणे हा असतो. जमिनीवर हक्क कोणाचा, गाव कधी वसले, कधी ओसाड पडले, पुन्हा कोणी वसविले, या प्रश्नांची उत्तरे साऱ्याच्या आकारणीसाठी आवश्यक असल्याने सेटलमेंट अधिकारी गावोगाव फिरून वंशावळी, वहिवाटी आणि आठवणी नोंदवून घेत असे. त्यामुळे त्याच्या अहवालात लोकस्मृती येते, पण ती महसुलाच्या चाळणीतून गाळलेली. गावकरी जे सांगतात ते सरकारी अधिकाऱ्यापुढे सांगतात. अधिकारी जे लिहितो ते इंग्रजीत आणि वरिष्ठांसाठी लिहितो. शिवाय आपल्या आधीची राजवट अनागोंदीची होती हे दाखविण्यात त्या लेखनाचा स्वार्थ गुंतलेला असतो. या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच पुढील शब्दाकडे वळावे लागते.

तो शब्द आहे 'भाऊगर्दी'. इबेट्सन यांचा अहवाल आणि त्यावरून सिद्ध झालेले गॅझेटियर इंग्रजी अंमल येण्यापूर्वीच्या अस्वस्थ काळाचे वर्णन संपविताना सांगतात की, लोक त्या काळाला 'भाऊगर्दी' वा 'मरहट्टागर्दी' या नावाने आणि शिखांच्या धामधुमीच्या संदर्भात 'सिंघाशाही का राम रौला' या नावाने ओळखतात. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा आहे, किंबहुना घरचा आहे. परंतु मराठीत तो काय सांगतो? मराठी परंपरेनुसार भाऊगर्दी म्हणजे पानिपतावर भाऊंच्या सैन्याची उडालेली दाणादाण. त्यावरून गोंधळ, आणि आजच्या व्यवहारात केवळ अनावर गर्दी. निवडणुकीतील उमेदवारांची भाऊगर्दी असे वृत्तपत्रे लिहितात तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात पानिपत क्वचितच असते. 'पानिपत होणे' आणि 'विश्वास पानिपतात गेला' ही बोलणी जशी पराभवाची आठवण भाषेत गोठवितात, तशीच ही.

हरियाणाच्या खेड्यांतील भाऊगर्दीची दिशा याच्या नेमकी उलट आहे. हिंदी-उर्दूत 'गर्दी' हे पद नादिरगर्दी, गुंडागर्दी अशा समासांत ज्याच्या नावापुढे लागते त्याने माजविलेला उत्पात सुचविते. भाऊगर्दी म्हणजे भाऊंवर कोसळलेले संकट नव्हे, तर भाऊंच्या नावाने गावांवर कोसळलेले संकट. शिवाय त्या स्मृतीत हा शब्द १७६१च्या एका दिवसापुरता राहत नाही. १८०३ साली सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे जाईपर्यंतच्या सगळ्या चार दशकांची ओढाताण गावकऱ्यांनी भाऊंच्या नावाखाली जमा केलेली दिसते. ज्या पुरुषाचा त्या प्रदेशाशी संबंध जेमतेम काही महिन्यांचा, त्याचे नाव एका युगाला मिळावे, हे इतिहासदृष्ट्या चुकीचे असले तरी स्मृतीच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. एकच शब्द, दोन भाषांत, एकाच घटनेच्या दोन टोकांवर उभा आहे. मराठी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात आणि इबेट्सन यांचा अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर, असे दोन्ही एका बैठकीत पाहता येऊ लागल्यामुळे ही तुलना करणे सोपे झाले आहे.

सोपे, परंतु सहज नव्हे. अहवालात हा शब्द रोमन लिपीत, एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वर्णांतरात आलेला आहे. देवनागरीत 'भाऊगर्दी' असा शोध घेणाऱ्यास निवडणुकीच्या बातम्या सापडतात, जमाबंदीचा अहवाल सापडत नाही. आजच्या प्रमाण वर्णांतरानुसार रोमन लिपीत शोध घेतला तरी जुन्या लेखनातील एखादा स्वर आडवा येतो. खुद्द काला अंब या नावाचीही तीच कथा. 'काला अंब', 'काला आम', 'काळा आंबा' अशी रूपे वेगवेगळ्या भाषांतील लेखनात आढळतात. 'अंब' हे प्राकृतातून पंजाबी-हरियाणवी बोलींत टिकलेले रूप मराठी 'आंबा'च्या अधिक जवळचे, तर 'आम' हे हिंदीतले. त्यातच हिमाचल प्रदेशाच्या सिरमौर जिल्ह्यात काला अंब याच नावाचे औद्योगिक गाव आहे आणि तेथील कारखान्यांविषयीच्या कागदांच्या ढिगाऱ्यात पानिपतचा आंबा पुरता झाकला जातो. जुन्या कागदांत पानिपतचा ठावठिकाणा लावणे आणखी कठीण. पानिपत हा स्वतंत्र जिल्हा १ नोव्हेंबर १९८९ रोजी झाला, १९९१ साली तो पुन्हा कर्नालात विलीन झाला आणि १ जानेवारी १९९२ पासून पुन्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचे अहवाल कर्नालच्या नावावर, १९६६ पूर्वीचे पंजाबच्या नावावर आणि १८५८ पूर्वीचे वायव्य प्रांताच्या नावावर शोधावे लागतात. ही भौगोलिक माहिती सूचीत कोठेही दिलेली नसते. ज्याला ती ठाऊक आहे त्यालाच खुले दार खुले आहे.

उपलब्धतेमुळे अहवालाचा अधिकार कसा वाढतो याचे अधिक नाजूक उदाहरण रोड समाजाचे आहे. हरियाणातील हा शेतकरी समाज पानिपतानंतर उत्तरेत राहिलेल्या मराठ्यांचा वंशज आहे, अशी मांडणी कोल्हापूरचे इतिहासकार डॉ. वसंतराव मोरे यांनी केली. गेल्या काही दशकांत ती हरियाणा व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत रुजली आणि दर १४ जानेवारीला काला अंब येथे भरणाऱ्या शौर्यदिनाच्या सोहळ्यात या समाजाचा मोठा सहभाग असतो. इबेट्सन यांनी मात्र या समाजाच्या उत्पत्तीविषयी वेगळी परंपरा नोंदविली आहे. ठाणेसरच्या दक्षिणेकडील जंगलपट्ट्यात अमीन हे त्यांचे मुख्य गाव आणि मूळ स्थान झज्जरजवळचे बादली, काहींच्या मते मुरादाबादेतील संभळ, असे त्यांच्याच तोंडून ऐकल्याचे ते सांगतात. हा ग्रंथ ग्रंथालयांच्या कपाटात होता तोवर या दोन कथांची गाठ क्वचितच पडे. आता वादात पडलेला कोणीही काही क्षणांत इबेट्सन यांचे पान समोर ठेवू शकतो, आणि 'सरकारी अहवालात असे आहे' या वाक्याने वाद संपला असे मानतो.

वस्तुतः वाद तेथून सुरू व्हावयास हवा. इबेट्सन यांना ही माहिती कोणी, कोणत्या गावात, कोणत्या प्रयोजनाने दिली? जमिनीवरील जुन्या हक्काचा प्रश्न समोर असताना आपण येथे अलीकडे आलो असे सांगण्यात कोणाचे हित होते? आणि १८७०च्या दशकात, ज्या नावाने गावोगावी उत्पाताची आठवण काढली जात होती, त्या नावाशी आपले नाते सांगण्यास कोण धजावले असते? हे प्रश्न मोरे यांच्या मांडणीला आपोआप सिद्ध करीत नाहीत. त्या मांडणीची परीक्षा तिच्या स्वतःच्या पुराव्यांवरच व्हावयास हवी. पण अहवालातील मौनालाही पुराव्याचे स्थान देता येत नाही, एवढे ते दाखवितात. पडद्यावर वेगळे काढलेले एक पान हे प्रश्न विचारू देत नाही, कारण त्या पानाभोवतीचा ग्रंथ, त्याचा उद्देश आणि त्याचे आधीचे-नंतरचे पाठ शोधणाऱ्याच्या नजरेसमोर येतच नाहीत.

या इंग्रजी मालिकेच्या समोर मराठी शासकीय प्रकाशनांची मालिका आहे, आणि तिच्या उपलब्धतेचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रजी अमदानीत ज्या कचेरीच्या ताब्यात होते ती इनामे व जमिनी यांच्या व्यवहाराची कचेरी होती. कागद जतन झाले ते इतिहासासाठी नव्हे, तर हक्कांच्या निवाड्यासाठी. अभ्यासकांना तेथे मुक्त प्रवेश नव्हता. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतून केलेल्या निवडी विसाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेल्या. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली मुंबई सरकारने १९३० ते १९३४ या अवघ्या पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यांपैकी दुसरा खंड पानिपत प्रकरणाला वाहिलेला आहे. सरदेसायांच्या निवडीविषयी आणि वेगाविषयी पुण्याच्या संशोधकांत नाराजी होती, हे सर्वश्रुत आहे. सरकारी दफ्तर सर्वांना उघडण्याऐवजी सरकारने निवडलेला संपादक त्यातील काही कागद निवडून देतो, या व्यवस्थेवर त्यांचा रोख होता. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला तो सरकारी दफ्तराबाहेरच्या, खाजगी घरांतून मिळालेल्या कागदांच्या बळावर, आणि त्यातील पानिपतपूर्व पत्रांनी या विषयाचा अभ्यासच बदलून टाकला, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

सरदेसायांचे खंड आता आंतरजालावर आहेत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या केंद्र शासनाच्या प्रकल्पात ते स्कॅन झाले. त्या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ २०१७च्या सुमारास बंद पडले, परंतु त्यातील मोठा भाग तत्पूर्वी व त्या सुमारास इंटरनेट अर्काइव्हवर उतरवून घेण्यात आला होता, म्हणून तो वाचला. शासनाने सुरू केलेला साठा शासनाबाहेरच्या संस्थेमुळे टिकावा, यातील विडंबन वेगळे सांगावयास नको. या खंडांची रचना अशी की प्रस्तावना व मथळे इंग्रजीत आणि पत्रे मराठीत, मोडीवरून बाळबोधीत उतरविलेली. अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीला इंग्रजी छपाई बऱ्यापैकी वाचता येते. जुन्या देवनागरी खिळ्यांची, जोडाक्षरांनी भरलेली छपाई वाचताना ती अडखळते, आणि तयार होणारा मजकूर शोधाच्या उपयोगाचा राहत नाही. परिणामी सरदेसाई यांची प्रस्तावना शोधात सापडते आणि ज्या पत्रांसाठी खंड काढला ती पत्रे सापडत नाहीत. मूळ मोडी कागद तर त्याही पलीकडे. मोडीच्या यांत्रिक लिप्यंतराचे प्रयोग अलीकडे सुरू झाले असले तरी पेशवे दफ्तरातील हजारो रुमालांच्या तुलनेत त्यांचा पल्ला अद्याप छोटा आहे. ग्रंथांच्या सूचीनोंदी रोमन लिपीत, अनेकदा चुकीच्या वर्णांतरासह केलेल्या आहेत. मराठी ग्रंथ मराठी नावाने शोधून मिळत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

येथे एक विषमता निर्माण होते, आणि तीच या विवेचनाचा गाभा आहे. पानिपतविषयी शासकीय प्रकाशनांत किमान तीन भाषांच्या साक्षी आहेत. मराठी पत्रांची साक्ष सरदेसायांच्या खंडांत. फारसी पत्रव्यवहाराची साक्ष केंद्र सरकारच्या अभिलेख खात्याने १९११ साली काढलेल्या, १७५९ ते १७६७ या वर्षांच्या फारसी पत्रसारांच्या पहिल्या खंडात. पण तेथेही फारसी पत्रे नाहीत, त्यांचे इंग्रजी गोषवारे आहेत. तिसरी साक्ष दर्शनिकांची, तीही इंग्रजी. या तिन्हींपूर्वीचा आणि तिन्हींवर छाया टाकणारा मजकूर म्हणजे काशीराज पंडिताची हकिकत. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या या दक्षिणी ब्राह्मणाने ती फारसीत लिहिली, जेम्स ब्राउन यांनी १७९१ साली इंग्रजीत आणली, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनमालेच्या तिसऱ्या खंडात ती छापली गेली आणि १९२६ साली रॉलिन्सन यांनी तिची स्वतंत्र आवृत्ती काढली. मराठी माणसाने फारसीत लिहिलेली, इंग्रजीतून पसरलेली आणि बऱ्याच अंशी इंग्रजीवरूनच मराठीत परतलेली ही हकिकत भाषांतराच्या अभ्यासकांना एरवीही मोहात पाडणारी आहे. आंतरजालावर तिचे इंग्रजी रूपच सर्वांत ठळक असल्याने 'प्रत्यक्षदर्शीची साक्ष' म्हणून जे उद्धृत होते ते ब्राउन यांचे इंग्रजी असते, काशीराजाचे फारसी नव्हे. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत पानिपतावर लिहिले तेव्हा या साक्षींना एकमेकींच्या समोर उभे करून तपासण्याचे कष्ट त्यांनी घेतले. शोधयंत्र ते कष्ट घेत नाही. ते ज्या लिपीत वाचू शकते त्या लिपीतील साक्षीला पुढे बसविते.

कायद्याची भूमिका या बाबतीत पाहण्याजोगी आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करावेत, शक्य तेथे संगणकीकृत करून जाळ्याद्वारे उपलब्ध करावेत आणि मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी असे सांगते. त्याच कलमाचे चौथे पोटकलम माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काचे परिणामकारक साधन यांचा विचार करावयास सांगते. स्थानिक भाषेची ही तरतूद विधायक आहे, यात शंका नाही. काला अंबच्या बाबतीत स्थानिक भाषा हिंदी आणि तिची हरियाणवी बोली. परंतु ज्या स्थळाची स्मृती एका प्रदेशात आणि भूमी दुसऱ्या प्रदेशात आहे, तेथे स्मृतीच्या भाषेला कायद्यात स्थान कोणते? अंमलबजावणीचे एकक जिल्हा असल्याने हा प्रश्न विचारलाच जात नाही. पानिपतच्या जिल्हा प्रशासनाकडून मराठी मजकुराची अपेक्षा करणे अवाजवी ठरेल. महाराष्ट्राच्या दर्शनिका विभागाच्या कक्षेत हरियाणातील स्थळ येत नाही. काला अंब असा दोन कक्षांच्या मधल्या जागेत उरतो.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात पानिपत येथे मराठ्यांच्या शौर्याचे स्मारक उभारण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हा ही मधली जागा प्रथमच शासकीय मराठीत शिरली असे म्हणता येईल. महाराष्ट्राच्या शासन निर्णयांची एक पद्धत येथे उल्लेखनीय आहे. प्रत्येक निर्णयाच्या अखेरीस तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे एक ठरावीक वाक्य येते, त्यात निर्णयाचा संगणक सांकेतांक नमूद असतो आणि दस्तऐवज डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे सांगितलेले असते. जुन्या पत्रांच्या अखेरीस 'हे विज्ञापना' किंवा 'जाणिजे' यांसारखी समाप्तीची खूण येई, तिचे काम आज हे वाक्य करते. संहितेच्या दृष्टीने ही व्यवस्था अत्यंत हितावह आहे, कारण तीमुळे दस्तऐवजाला दिनांक, क्रमांक आणि मूळ स्थान चिकटलेले राहते. तो कोठेही उतरवून घेतला तरी त्याची ओळख पुसली जात नाही. केंद्र शासनाच्या राजपत्राची छपाई १ ऑक्टोबर २०१५ पासून बंद होऊन तेही केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात निघू लागले, परंतु तेथेही अनुक्रमांक व दिनांक कायम आहेत. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरील वर्णनात्मक मजकुराला मात्र असा कोणताही शिक्का नाही. कोणी लिहिला, कशावरून लिहिला, कधी बदलला, काहीच कळत नाही.

प्रताधिकाराचा अडथळा येथे फारसा नाही, एवढे ओघाने सांगता येईल. शासकीय प्रकाशनावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. त्यामुळे इबेट्सन, १९१८चे गॅझेटियर आणि सरदेसायांचे खंड कधीच मुक्त झालेले आहेत. १९७६ची दर्शनिका २०३६च्या अखेरीपर्यंत शासनाच्या हक्कात राहील, पण ती शासनानेच खुली केली आहे. अडचण आहे ती अभिलेख म्हणून संकेतस्थळाकडे पाहण्याच्या सवयीची. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ 'सार्वजनिक अभिलेख' या संज्ञेत संगणकाने निर्माण झालेल्या सामग्रीचाही समावेश करतो. या व्याख्येचा आशय लावला तर काला अंबविषयीचा तो चार-पाच वाक्यांचा परिच्छेदही एक अभिलेख ठरेल, आणि तो बदलण्यापूर्वी त्याची आधीची प्रत जतन होणे अपेक्षित राहील. प्रत्यक्षात गेल्या दशकात देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकसारख्या साच्यात हलविण्यात आली, तेव्हा जुनी पृष्ठे अनेक ठिकाणी मागमूस न ठेवता गेली. ती पाहावयाची तर पुन्हा इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या पृष्ठांच्या संग्रहाकडेच वळावे लागते, आणि तेथेही ज्या दिवशी योगायोगाने प्रत घेतली गेली त्याच दिवसाचे रूप मिळते. पानिपतच्या आंब्याविषयीचे शासकीय वाक्य केव्हा कोणत्या शब्दांत होते, हे ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकाला १८८३, १९१८ आणि १९७६ या वर्षांचे पाठ समोर मांडता येतात. २००५चा पाठ मांडता येईलच याची शाश्वती नाही.